साधनं माहीत असतात, पुढचे तीन महिने माहीत नसतात

प्रश्न थोडक्यात असा: आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर तुम्ही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नव्याने रुजू झालात. घरोघर विचारलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाईने तांबी, गोळ्या, निरोध, ऑपरेशन ही नावं घडाघडा सांगितली. पात्र जोडप्यांची नोंदवही उघडली तर ऑपरेशन सोडून बाकीचे रकाने जवळपास कोरे. मग जनजागृती कमी पडते का, आणि ती वाढवायची कशी?

नावांची माहिती कमी पडत नाही, हे आधी मान्य करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक विवाहित स्त्रियांना निदान एक तरी आधुनिक साधन ऐकून माहीत होतं. त्याच सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि नवऱ्याच्या नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. महाराष्ट्रात ऑपरेशन झालेल्या स्त्रिया जवळपास निम्म्या, आणि जननदर बाईमागे १.७ मुलं. म्हणजे दोन मुलांवर थांबायचं हे गावाने कधीच ठरवलंय. अडतं ते पाळणा लांबवण्यापाशी. लग्न, वर्षभरात पहिलं मूल, दीड-दोन वर्षांत दुसरं, आणि पंचविशीच्या आतबाहेर ऑपरेशन, असा क्रम पडून गेलाय. मधल्या काळासाठी जी साधनं आहेत ती कुणी एखादा महिना वापरून सोडलेली असतात, कुणी वापरलेलीच नसतात.

त्यामुळे 'तुम्हाला माहीत आहे का' हा प्रश्न सोडून द्या. माहिती तपासायची तर असं विचारा: गोळी दोन दिवस राहिली तर काय कराल? अंतराची, म्हणजे तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची, पुढची तारीख कोणती, आणि त्या दिवशी गावात नसलात तर? तांबी बसवल्यावर पहिल्या पाळीला काय होतं? अंगावर पाजत असताना दिवस राहतात का? या चार प्रश्नांना नीट उत्तरं देणाऱ्या बायका मोजा. तुमचा खरा आकडा तो.

आता गळती कुठे होते ते पाहू. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर आंबेगावात, माहेर जुन्नरला किंवा खेडला. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की सून माहेरी जाते, बाळंत तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात होते, सव्वा महिना तिथेच, आणि बाळ घेऊन परतते तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात. इकडची आशाताई म्हणते, ती माहेरी आहे. तिकडची म्हणते, ती आमच्या यादीत नाही. गर्भ राहण्याची शक्यता परत येते ती नेमकी याच काळात. वरून सासू, आई, शेजारीण सगळ्या सांगतात की अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही. हे अर्धंच खरं आहे. तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच पाजण्याचा आधार घेता येतो: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचं दूध असावं. रात्रीची एखादी पाज चुकली, वरचं दूध सुरू केलं, घुटी किंवा पाणी पाजायला लागले, की आधार संपला. स्त्रीबीज सुटतं ते पाळी येण्याआधी दोन आठवडे, म्हणून पाळी न येताच दिवस गेल्याची उदाहरणं प्रत्येक वाडीवर सापडतात. 'पाळीच आली नाही तर दिवस कसे राहतील' या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

उपाय वेळापत्रकात आहे. पहिलं बोलणं सातव्या महिन्यात, माहेरी जाण्याआधी. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, पण प्रसूतीच्या कळांमध्ये बाईला विचारून घेतलेल्या होकाराला अर्थ नसतो. तपासणीच्या वेळी आधीच बोलून माता-बाल संरक्षण कार्डावर तिची निवड लिहून ठेवा, म्हणजे कार्ड माहेरी जाईल तिथे निवडही जाईल. ४८ तास हुकले तर मग सहा आठवडे थांबावं लागतं. हे सहा आठवडे म्हणजेच आपला सव्वा महिना, आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवसही साधारण तोच. त्या दिवशी बाई लसीकरणाला येतेच, मग गाव कुठलंही असो. अंतराचं इंजेक्शन तेव्हापासून देता येतं, तांबीही. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांना पुन्हा दोन संधी. तुमच्या सत्रात माहेरवाशिणी आल्या असतील तर त्या आपल्या यादीत नाहीत म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्या उपकेंद्राची सिस्टर तुमच्या गावच्या सुनेशी बोलेल, ही देवघेव धरून चाला.

बाळंतिणीला काय चालतं हे पाठच असू द्या. निरोध केव्हाही. छाया, म्हणजे आठवड्याच्या हिशोबाने घ्यायची गोळी, बाळंतपणानंतर लगेच चालते, तिच्यात संप्रेरक नाही, दुधावर परिणाम नाही. अंतरा सहा आठवड्यांनंतर. माला-एन ही रोजची गोळी मात्र पाजणाऱ्या आईला सहा महिन्यांच्या आत नको.

माला-एनची चूक बहुतेक वेळा पाकिटातच सुरू होते. २८ गोळ्या: २१ पांढऱ्या, त्यात संप्रेरकं, आणि ७ रंगीत, त्या नुसत्या लोहाच्या. पाकीट संपल्यावर दुसऱ्याच दिवशी नवीन उघडायचं, मध्ये खंड नाही. काही जणी २८ संपवून वर सात दिवस थांबतात, कारण कुणीतरी 'सात दिवस सोडायचे' असं सांगितलेलं असतं; ते २१ गोळ्यांच्या पाकिटाचं आहे. आणखी एक चूक मोठी, आणि ती बाई सहसा आपणहून बोलत नाही. नवरा चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत, खोली करून राहतो, शनिवारी घरी येतो. मग गोळी शनिवारी-रविवारीच घेतली जाते. 'रोज कशाला, रोज तर ते नसतात.' तुम्ही विचारलंत की 'गोळ्या घेता का', तर उत्तर 'हो' असंच येणार. म्हणून पाकीट बघायला मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.

एक गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि त्या दिवसाचीही नेहमीच्या वेळी घ्यायची, भले दोन एका दिवशी होवोत. दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच, पुढच्या रोजच्या रोज, आणि सात दिवस निरोध. पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात असं झालं तर रंगीत गोळ्या टाकून द्यायच्या आणि पांढऱ्या संपताच थेट नवीन पाकीट. सर्वांत धोक्याचा खंड म्हणजे नवीन पाकीट उशिरा सुरू होणं, आणि तो खंड बाईमुळे कमी, साठा संपल्यामुळे जास्त पडतो. एका वेळी एकच पाकीट हातात देऊ नका. आधी मळमळ, डोकं जड, अधूनमधून डाग, हे पहिले दोन-तीन महिने होणार, आणि ते आधीच सांगायचं. नंतर सांगितलं तर ते सारवासारव वाटतं. रक्तदाब १४०/९० च्या वर, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, पायात किंवा छातीत गुठळी होऊन गेलेली, पस्तिशीपुढची बिडी ओढणारी, यांना ही गोळी नको. आणि क्षयाच्या औषधांवर असेल तर रिफाम्पिसिनमुळे गोळीचा जोर उतरतो. तिला तांबी किंवा अंतरा सुचवा. फिटच्या काही औषधांचंही तसंच. हा प्रश्न उपकेंद्रावर क्वचितच विचारला जातो, आणि मग 'गोळी खाऊनही राहिलं' ही बातमी तालुकाभर फिरते.

छायाचा घोळ वारांचा आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो वार बुधवार असेल तर पहिले तीन महिने बुधवार आणि शनिवार, नंतर फक्त बुधवार. वार बाई निवडत नाही, पाळी निवडते. तीन महिन्यांत २४ गोळ्या, म्हणजे आठ-आठच्या तीन पट्ट्या, त्यानंतर एक पट्टी आठ आठवडे पुरते. पट्टीच्या पाठीवर बॉलपेनने दोन्ही वार मराठीत लिहून द्या आणि तीन महिने संपण्याची तारीखही. नाहीतर दोन चुका ठरलेल्या: पहिल्या महिन्यापासूनच आठवड्याला एक, किंवा वर्षभर आठवड्याला दोन. गोळी राहिली आणि सात दिवस उलटले नसतील तर आठवताच घ्यायची, नेहमीचा वार पुढे चालू, आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध. सात दिवसांवर गेली तर नव्याने सुरुवात, पुन्हा तीन महिने दोन-दोन. पाळी कमी जाते, लांबते. ते अपेक्षित आहे. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र निश्चय किटने गर्भतपासणी करा. अलीकडे कावीळ होऊन गेलेली, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असलेली, किंवा अंडाशयात गाठी सांगितलेली बाई असेल तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा.

अंतरा हे मला गावासाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत वाईट समजावलं जाणारं साधन वाटतं. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. स्नायूत देण्याच्या इंजेक्शनमध्ये औषध १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. घरात पाकीट लपवायला नको, कुणाला दिसत नाही. सुई टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळलं तर औषध लवकर शोषलं जाऊन लवकर संपतं. आपल्याकडे इंजेक्शन घेतलं की चोळणं हा धर्मच आहे, तेव्हा हे हात धरूनच सांगा. तारखेत सवलत आहे: दोन आठवडे आधी, चार आठवडे उशिरापर्यंत. १० जूनला घेतलं तर पुढची तारीख १० सप्टेंबर, आणि २७ ऑगस्ट ते ८ ऑक्टोबर यांत कधीही. ही सवलत कार्डावर लिहा. १२ सप्टेंबरला आलेल्या बाईला 'तारीख गेली, आता पाळी आल्यावर या' म्हणून परत पाठवणं ही चूक तिची नाही.

अंतराने पाळी बिघडते. पहिल्या महिन्यांत थोडं थोडं अंगावरून जात राहतं, आणि वर्षभरात बऱ्याच जणींची पाळी थांबते. ती थांबली की सासू म्हणते, 'घाण आत साठली, पिशवीला गाठ होणार.' साधं सांगा: पिशवीच्या आत अस्तर तयारच होत नाही, मग पडणार काय? चूल पेटलीच नाही तर राख कुठून येणार. ज्यांचं हिमोग्लोबिन सात-आठवर घुटमळतंय त्यांच्यासाठी तर ही विश्रांतीच. दुसरी गोष्ट दडवू नका: इंजेक्शन थांबवल्यावर गर्भ राहायला शेवटच्या डोसापासून साधारण सात ते दहा महिने लागतात. सहा महिन्यांत मूल हवं असणारीला ते देऊ नका. तिला उशीर झाला की पुढच्या पाच घरांत 'अंतरा घेतली की वांझ होतात' हेच पोचेल. रक्तदाब १६०/१०० च्या वर असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर आधी डॉक्टर.

तांबीबद्दलच्या भीती तीन. ती वर चढून काळजाला जाते, नवऱ्याला टोचते, आणि अंगावर जास्त जातं. पहिली खोटी, गर्भाशय ही वरून बंद पिशवी आहे, हे मूठ करून दाखवा. दुसरी कधीकधी खरी, कारण दोरा फार आखूड कापलेला असतो. तो तीन-चार सेंटिमीटर बाहेर ठेवला तर मऊ पडून वळतो. बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तांबीचा दोरा मात्र आकुंचन होताना खाली येतो आणि सहा आठवड्यांनी कापावा लागतो. ही भेट हुकली की लांब दोऱ्याने बाई घाबरते. तिसरी खरीच आहे. पहिले तीन-चार महिने पाळी जास्त आणि पोटात कळा. म्हणून बसवण्यापूर्वी हिमोग्लोबिन बघा, लोहाच्या गोळ्या द्या, कळांसाठी गोळी हातात ठेवा. बाळंतपणाच्या वेळी बसवलेली तांबी निसटून पडण्याचं प्रमाण जास्त असतं, तेही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि बाईला पत्ता लागत नाही. पाळीनंतर दोरा हाताला लागतो का ते बघायला शिकवा. ३८० ए तांबी दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. कार्डावर कोणती ते लिहा. बाळंतपणात बाईला न सांगता बसवलेली तांबी ही वैद्यकीय चूक तर आहेच, पण नंतर कळल्यावर पंचक्रोशीतला विश्वास कित्येक वर्षं परत येत नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेकडे बदली झाली तर वेगळाच प्रश्न भेटेल. दिवाळीच्या सुमारास दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरच्या ऊसपट्ट्यात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. तिथे ना संडास, ना पुरेसं पाणी. जास्त रक्तस्राव होणारी तांबी अशा बाईला हंगामाच्या तोंडावर नको. बसवायचीच तर गावी परतल्यावर, सवय व्हायला चार महिने मिळतील अशी. अंतरा २० ऑक्टोबरला दिली तर पुढची २० जानेवारी, सवलतीने ६ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, आणि तेव्हा ती ऐन फडावर. कार्ड दाखवलं की कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळायला हवा. 'तुमचं नाव इथे नाही' या वाक्याने तो तुटतो. टोळीच्या मुकादमाला सांगून काही होत नाही. कारखान्याजवळच्या उपकेंद्राने आठवड्यातून एकदा संध्याकाळी, बायका फडावरून परतल्यावर, त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाणं एवढाच मार्ग आहे.

ऑपरेशनचं थोडक्यात. बाईचं वय २२ पूर्ण, निदान एक मूल वर्षावरचं, हिमोग्लोबिन किमान सात, लघवीची गर्भतपासणी, आणि पाळीच्या पहिल्या सात दिवसांत किंवा बाळंतपणानंतर सात दिवसांत. बाळंतपणानंतर लगेच दुर्बिणीचं करत नाहीत, टाक्याचं करतात. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तांबीला नाही, अंतराला नाही, ऑपरेशनलाही नाही. लागते ती कुणाला तरी सोयीची वाटते म्हणून. सामूहिक शिबिरं बंद करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिले, तेव्हा उद्दिष्ट पूर्ण करायला एका दिवसात गाडी भरून बायका नेण्याचा काळ गेला असं धरून वागा. ऑपरेशननंतर पाळी चुकली तर 'आता काय होणार' म्हणून घरी बसू देऊ नका. हजारात काही जणींना पहिल्याच वर्षी दिवस राहतात, आणि अशा वेळी गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी तपासणी.

पुरुषांची नसबंदी सोपी, बिनटाक्याची, दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड काम नाही. तरी गावात ऐकायला मिळतं 'ताकद जाईल, औत धरता येणार नाही'. १९७५ ते ७७ च्या सक्तीची आठवण अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, ती थट्टेवारी नेऊ नका. सांगायचं महत्त्वाचं एवढंच की ती लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध, मग वीर्य तपासणी, आणि तपासणीत शुक्राणू नाहीत असं आल्यावरच मोकळं. ही तपासणी टाळली गेली आणि दिवस राहिले की बायकोवर संशय येतो; घरं मोडलेली आहेत त्यावरून.

साधन चुकलं तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, जितकी लवकर तितकी चांगली. ती गर्भ पाडत नाही. दर आठवड्याला घ्यायचं साधनही नाही. पुढची पाळी आठवडाभर लांबली तर निश्चय किट. आणि दिवस राहिलेच असतील तर बाईला हे माहीत हवं की १९७१ च्या कायद्याने गर्भपात मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि साधन फसल्याचं कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित मुलीलाही लागू आहे. सज्ञान बाईच्या गर्भपातालाही फक्त तिची सही लागते. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होतो. गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याची भीती इतकी पसरली आहे की बायकाच काय, काही सिस्टरही गर्भपात हाच गुन्हा समजतात. त्या गैरसमजाने बाई भोंदूकडे जाते किंवा चौथा महिना ओलांडते.

राहिलं बोलायचं कुठे. सासूसमोर ओसरीवर विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नाही. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात गावातल्याच मुलींना प्रशिक्षण देऊन जे काम उभं केलं, त्यातली युक्ती साधी होती: गावातलीच बाई घरात जाते, बसते, बोलते. आशाताई हीच तुमची ती बाई, पण निरोधांच्या डब्यासह ती पाटलाच्या वाड्यावरून जाते हे साऱ्या गावाला दिसतं. लसीकरणाच्या दिवशी वजनकाट्याजवळ एकेकीला बाजूला घ्या. तिथे कुणी थांबलेली दिसली तर कुणाला काही वाटत नाही. कार्ड घरी न्यायला नको म्हणणारीचं कार्ड उपकेंद्रात ठेवा आणि तिला फक्त तारीख पाठ करवा. आणि पहिल्याच आठवड्यात कपाट उघडून मोजा: माला-एन, छाया, अंतराच्या कुप्या आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा. पुढचे तीन महिने पुरेल एवढं नसेल तर आज कुणालाही पहिला डोस देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी टाका.